नाकाबंदी बाराला, धावपळ सातला

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

विषय : पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या पाळ्या घटनांच्या तासांप्रमाणे लावण्याबाबत

महोदय,

बंदोबस्त म्हटलं की आपल्याकडे आधी रात्रगस्त आठवते. अकरानंतर गस्त, बाराच्या पुढे नाकाबंदी, पहाटे पाचला सगळे मोकळे. चोर रात्री येतो ही समजूत पिढीजात आहे आणि अगदीच खोटीही नाही. पण माणसं मदतीसाठी फोन करतात ते तास वेगळे असतात. ज्या शहरांनी कॉलचे तास मोजले, त्यातल्या बहुतेकांचा आलेख सारखाच दिसतो. पहाटे चार ते सहा तळ, सकाळी आठपासून चढण, दुपारी थोडं सपाट आणि संध्याकाळी पाच ते नऊच्या दरम्यान शिखर. शनिवार-रविवारी हे शिखर आणखी दोन-तीन तास पुढे सरकतं.

आमची मागणी एवढीच, की आधी तास नीट मोजावेत आणि मग त्याप्रमाणे माणसं नि गाड्या उभ्या कराव्यात. हे पैशाचं काम कमी आणि रजिस्टरचं जास्त आहे.

सुरुवात अपघातांपासून करतो, कारण त्याचे आकडे सरकार स्वतःच छापतं. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरो दरवर्षी देशातले अपघात तीन-तीन तासांच्या आठ पट्ट्यांत मांडतो. सगळ्या पट्ट्यांत सारखी वाटणी झाली असती तर प्रत्येकीत साडेबारा टक्के अपघात आले असते. प्रत्यक्षात संध्याकाळी ६ ते ९ या एकाच पट्टीत साधारण पाचवा हिस्सा येतो. दुसरा नंबर दुपारी ३ ते ६ चा. वर्ष बदलतं, हा क्रम बदलत नाही.

कोल्हापुरात या तीन तासांत रस्त्यावर काय काय एकत्र येतं ते पाहा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची पाळी सुटते, क्लासची पोरं दुचाकीवर असतात, मध्यवर्ती बसस्थानकातून गावाकडच्या एसट्या निघतात, तावडे हॉटेलपासून आत शिरणारी वाहनं कावळा नाक्यावर तुंबतात. नोव्हेंबर ते मार्च यात उसाची भर पडते. तोड सकाळी, भरणी दुपारी, म्हणजे ट्रॅक्टर नेमका दिवेलागणीला रस्त्यावर. मागे दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला आणि उसाची टोकं दोन्ही अंगांनी फूटभर बाहेर. मागून येणारा दुचाकीस्वार ताशी ६० किलोमीटरने चालला असेल तर सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यानं डोळे दिपलेले असताना त्याला ट्रॉली ३० मीटरवर दिसली, तर कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या दीड सेकंदात २५ मीटर संपलेले असतात. उरलेल्या पाच मीटरमध्ये कोणतीही गाडी थांबत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. मागच्या ट्रॉलीच्या पाठीला आडवी, ५० मिलीमीटर रुंदीची लाल रिफ्लेक्टिव्ह टेप आणि दोन्ही बाजूंना पिवळी. ती तपासायची जागा म्हणजे कारखान्याचं गेट. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉलीला यावंच लागतं. टेप नसेल तर तिथेच लावून घ्या आणि मग काट्यावर घ्या. हंगामाच्या पहिल्या दिवशी फोटो काढून लावलेली टेप तिसऱ्या आठवड्यात चिखलाखाली जाते. म्हणून कापड नि बादली गेटवरच ठेवावी लागते.

मध्यरात्रीनंतरचे अपघात संख्येनं कमी, पण एकेक जास्त जीवघेणा. रस्ता मोकळा, वेग जास्त आणि दोन ते पाचच्या दरम्यान चालकाच्या डोळ्यांवर झापड. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कागल ते किणीच्या पट्ट्यात उभ्या ट्रकला मागून धडक ही या तासांतली नेहमीची घटना. त्यामुळे संध्याकाळची रुग्णवाहिका शहराच्या वेशीवर लागते आणि पहाटेची महामार्गाला चिकटून. एकच गाडी चोवीस तास एकाच जागी उभी करणं म्हणजे निम्मा दिवस ती चुकीच्या जागी असणं.

आता घरफोडी. इथे तास मोजण्यातच खरी गोची आहे.

पोलिसांच्या तक्त्यात दिवसा घरफोडी आणि रात्री घरफोडी असे दोन रकाने असतात. एफआयआरच्या छापील नमुन्यात घटनेची वेळ 'पासून' आणि 'पर्यंत' अशी लिहायची सोय आहे, शिवाय तीन-तीन तासांचा प्रहर लिहायचा असतो. ठाण्याला माहिती मिळाल्याची वेळ वेगळी, ठाणे दैनंदिनीतली नोंद वेगळी. नमुना चांगला आहे, भरण्यात घोळ होतो. कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी गावाला गेलं, सोमवारी सकाळी कुलूप तुटलेलं दिसलं. खरी वेळ या साठ-बासष्ट तासांत कुठेही असू शकते. लिहिताना मात्र 'पासून' मध्ये सोयीची वेळ पडते, बहुतेकदा रात्रीचे बारा. एखाद्या ठाण्याचा वर्षाचा तक्ता काढला आणि त्यात मध्यरात्री बाराला अचानक सुळका दिसला, तर तो चोरांचा नसून लिहिणाऱ्याच्या सवयीचा असतो. तसेच छोटे सुळके प्रत्येक पूर्ण तासाला दिसतात. दहा वाजून वीस मिनिटांनी चोरी झाली असं सहसा कुणी सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे फिर्याद दाखल झाल्याची वेळ हीच गुन्ह्याची वेळ समजणं. तसं केलं तर सगळ्या घरफोड्या सकाळी आठ ते अकरात झालेल्या दिसतील, कारण दार तेव्हा उघडतं.

यावर १९९८ पासून एक साधी पद्धत वापरात आहे. जेरी रॅटक्लिफ आणि मायकेल मॅकुलाघ या दोन अभ्यासकांनी ती मांडली. प्रत्येक घटनेला एक गुण द्यायचा आणि तो संशयित कालावधीतल्या तासांत सारखा वाटायचा. रात्री दहा ते सकाळी सहा असा आठ तासांचा कालावधी असेल तर प्रत्येक तासाला एक अष्टमांश. साठ तासांचा असेल तर प्रत्येकाला एक साठांश, म्हणजे ती घटना तक्त्यात जवळपास गप्पच राहते, आणि ते योग्यच आहे. ज्या घटनेची वेळ नेमकी माहीत आहे ती पूर्ण गुणानं बोलते. शंभर घटनांची बेरीज केली की खरा उंचवटा दिसू लागतो. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका दुपारचं काम आहे.

नोकरदारांच्या वसाहतीत, जिथे दोघंही कामाला जातात, तिथे हा उंचवटा अनेकदा सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये निघतो. दुपारची घरफोडी करणारा पाळत ठेवून येतो. दाराबाहेरची चप्पल, गेटवरचं बाहेरून लावलेलं कुलूप, न उचललेलं वर्तमानपत्र आणि दुधाची पिशवी एवढं त्याला पुरतं. त्या वेळी गस्तीची गाडी कुठे असते? समन्स, न्यायालय, मंत्र्यांचा दौरा. दुपारी बारा ते तीन या वेळात दुचाकीवरच्या बीट मार्शलची एक फेरी अशा वसाहतींतून गेली, तर रात्रीच्या तीन फेऱ्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त.

फिर्याद घेताना एकच प्रश्न नेमकेपणानं विचारावा : 'शेवटचं सगळं ठीक कुणी, कधी पाहिलं?' शेजारी, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन यांच्याकडून साठ तासांचा कालावधी दहावर येतो. आणि दहाचा झाला की सीसीटीव्ही फुटेज बघणाऱ्या अंमलदाराचे डोळे वाचतात.

हाच प्रश्न १०८ वाल्यांचाही आहे. पक्षाघाताचा रुग्ण सकाळी उठताना एक बाजू लुळी घेऊन उठतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास मोजायचे रुग्ण शेवटचा ठीक दिसला तिथपासून. घरचे सांगतात, 'आत्ता सातला झालं.' रात्री दहाला झोपला तेव्हा ठीक होता, मध्ये कुणी पाहिलं नाही, तर घड्याळ दहापासून चालू आहे. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी कागदावर ही वेळ मोठ्या अक्षरात लिहून सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात दिली तर तिथे पुन्हा विचारण्यात वेळ जात नाही.

हृदयविकाराचा झटकाही सकाळी सहा ते बारा या वेळात जास्त येतो, हे वैद्यकीय अभ्यासांत १९८५ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सकाळी उठल्यावर रक्तदाब आणि नाडी चढते, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. आपल्याकडे छातीत जळजळलं की पित्त म्हणून सोडा प्यायचा, आंघोळ उरकायची आणि नऊला फोन करायचा. मग सकाळी आठच्या पाळीबदलात नेमकी गाडी अडकते.

सर्पदंशाचं वेळापत्रक तर वीज वितरणाच्या वेळापत्रकावर चालतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री मिळते, त्या आठवड्यात पाणी पाजायला माणूस रात्री बांधावर असतो. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. ती पूर्ण होईल तेव्हा होईल, तोवर कोणत्या फीडरला (वीजवाहिनीला) रात्रीची वीज आहे हा कागद दर आठवड्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या समन्वयकाकडे गेलाच पाहिजे. घोणस उसाच्या सरीत दिवेलागणीला आणि पहाटे पायाखाली येते. चावा जबरदस्त दुखतो, सूज लगेच चढते, त्यामुळे फोनही लगेच येतो. मण्यारीचं उलटं. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे तीन-चारला पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड, गिळता येईना. फोनवर सांगितलं जातं 'पोटात दुखतंय', आणि नोंदही तशीच होते. म्हणून पावसाळ्यात आणि सुगीत पहाटेच्या पोटदुखीच्या प्रत्येक कॉलला दोन प्रश्न ठरलेलेच असावेत : जमिनीवर झोपला होता का, आणि पापण्या उघडता येतात का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर अँब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी, हाताशी घेऊनच निघायचं, कारण मण्यारीच्या विषानं माणूस श्वास थांबून जातो. प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेला आठ ते दहा व्हायल (औषधाच्या कुप्या) लागतात. गगनबावडा, चंदगड, राधानगरीकडे रात्रपाळीला दोन-तीनच व्हायल हाती असतील तर त्या असून नसल्यासारख्या. साठा तालुक्याला किती आहे हे सांगू नका. रात्री दोनला कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते सांगा.

बाकीचे तास थोडक्यात. गंठण हिसकावण्याच्या घटना सकाळी साडेपाच ते आठ, म्हणजे फिरायला आणि देवदर्शनाला निघण्याच्या वेळी, आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहा ते नऊ. एसटीत चढताना दागिना जातो तो गर्दीच्या वेळी, रात्री नव्हे. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात मोबाईल जातात ते संध्याकाळी, पिशव्या दोन्ही हातांत असताना. घरातल्या मारहाणीचे कॉल रात्री नऊ ते बारा, त्यातही सुट्टीच्या दिवशी आणि महिन्याच्या ७ ते १० तारखेदरम्यान, पगार हातात पडल्यावर. डॉल्बीच्या तक्रारी दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात, कारण नियमानं रात्री दहाला आवाज बंद व्हायला हवा आणि लोक पाच मिनिटं सबुरीनं घेतात. गणेशोत्सवात हे कॉल बाकीच्या कॉलना अक्षरशः बुडवतात. त्यांची वेगळी रांग हवी.

आगीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. आगीचे कॉल स्वयंपाकाच्या वेळी आणि संध्याकाळी जास्त, पण मोठी आग बहुधा ती, जी इमारत बंद असताना लागते आणि उशिरा दिसते. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते रात्रीच. अशा वेळी दल किती मिनिटांत पोहोचलं यापेक्षा आग लागल्यापासून पहिला फोन येईपर्यंत किती मिनिटं गेली, हा मोठा प्रश्न असतो. त्याचं उत्तर धूरसूचक आणि जागता वॉचमन.

आता गाड्या किती लागतात, याचा हिशेब. हे आकडे उदाहरणाचे आहेत. खरे आकडे आपल्याच यंत्रणेत पडून आहेत. धरा, संध्याकाळी तासाला चार घटना येतात आणि एक घटना निपटायला गाडीला ४५ मिनिटं लागतात. म्हणजे सरासरी तीन गाड्या सतत गुंतलेल्या. बैठकीत कुणीतरी म्हणतं, मग चार गाड्या भरपूर झाल्या. नाही होत. घटना पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं शिस्तीत येत नाहीत. दोन एकदम येतात, मग अर्धा तास शांत. डेन्मार्कचे गणितज्ञ एरलांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९१७ मध्ये मांडलेलं रांगेचं गणित इथे लावलं तर चार गाड्या असताना निम्म्या घटनांना गाडी मोकळी होण्याची वाट बघावी लागते. पाच गाड्या केल्या तर जेमतेम चौथ्या हिश्शाला. सहा केल्या तर दहापैकी एकाला. उलट पहाटे तासाला एकच घटना असेल तर तीन गाड्यांत शंभरातल्या चार-पाच घटनाच थांबतात. चोवीस तास सारख्याच गाड्या ठेवल्या तर पहाटे त्या उभ्या राहतात आणि संध्याकाळी माणसं ताटकळतात. नवी गाडी न घेताही दोन गाड्यांचे कर्मचारी पहाटेकडून संध्याकाळकडे सरकवता येतात.

त्यासाठी मधली पाळी लागते, दुपारी तीन ते रात्री अकरा. बारा तासांची पाळी जिथे सकाळी आठ आणि रात्री आठला बदलते तिथे एक साधा बदल करा. निम्म्या गाड्या आठला बदलाव्यात, निम्म्या अकराला. रात्री आठला सगळ्या गाड्या एकदम ठाण्यात परतल्या की हजेरी, डिझेल, चार्ज देणं-घेणं यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि तीही गर्दीच्या तासातली. रात्रगस्त बंद करा असं आम्ही म्हणत नाही. महामार्ग, एटीएम, सराफ कट्टा आणि बंद बंगल्यांना ती लागतेच. फक्त सगळा भार तिच्यावर टाकू नये.

तक्ता काढताना काय सांभाळायचं तेही लिहून ठेवतो.

११२ या आपत्कालीन क्रमांकाचा कॉल आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून घटना जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात येते आणि मग गाडीतल्या एमडीटी टॅबवर (घटनेची माहिती दाखवणाऱ्या पडद्यावर). प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप उमटते, 'पोहोचलो' सोडून. ते बटण माणूस दाबतो, कधी निघतानाच, कधी काम संपल्यावर आठवलं म्हणून. त्यामुळे पोहोचण्याच्या वेळा गाडीच्या जीपीएसवरून घ्याव्यात.

कॉल मोजू नका, घटना मोजा. तावडे हॉटेलजवळ एक टक्कर झाली की दहा जण फोन लावतात, चंदगडच्या आडरानात झाली तर एकही लावत नाही. मुके कॉल आणि पोरांचे खेळ वेगळे काढा, पण फेकू नका. मुक्या कॉलमध्ये बोलता न येणारी बाई असू शकते. कागल, गडहिंग्लज, शिरोळच्या सीमेवर मोबाईल कर्नाटकाच्या टॉवरवर गेला तर कॉल तिकडच्या ११२ ला लागू शकतो, तो आपल्या तक्त्यात दिसणार नाही. तिकडच्या नियंत्रण कक्षाशी महिन्याला यादी जुळवून घ्यावी.

दिवस रात्री बाराला बदलू नका. शनिवारी रात्रीची मारामारी एकला झाली तर कागदावर ती रविवारात जाते, आणि शनिवार साळसूद दिसतो. मोजणीचा दिवस सकाळी सहा ते सहा धरावा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. या कामापुरतं तरी पंचांग बरोबर आहे.

कॉलसाठी आठवड्याचे सात दिवस गुणिले चोवीस तास, म्हणजे १६८ खणांचा तक्ता चालतो, कारण कॉल भरपूर असतात. घरफोड्यांना तो लावू नका. एखाद्या ठाण्यात वर्षाला तीस-चाळीस घटना असतील तर बहुतेक खण रिकामे राहतील आणि एखाद्या खणातल्या दोन घटना बघून कुणीतरी 'हॉटस्पॉट' जाहीर करेल. तिथे आठ प्रहर आणि कामाचा दिवस की सुट्टीचा, एवढे सोळाच खण पुरेत, आणि आकडे तीन वर्षांचे एकत्र घ्यावेत. एखाद्या ठाण्याचे कॉल कमी असले म्हणजे तिथे गुन्हे कमी, असंही समजू नये. लोकांनी फोन करणं सोडलेलं असू शकतं.

जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि राजारामपुरी या शहरातल्या चार ठाण्यांपासून सुरुवात करावी. तक्ता दर तिमाहीला जाहीर करावा, त्यात पत्ते आणि नावं नकोत. ठाणं, प्रकार आणि प्रहर एवढंच. मंडळं, तालमी, सोसायट्या आपापल्या वॉचमनची वेळ त्यावरून ठरवतील.

महापालिकेसाठी एक वेगळी विनंती. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. रस्त्यावरच्या दिव्यांचे टायमर जिथे एकाच वेळेवर लावून ठेवले आहेत तिथे हिवाळ्यात गर्दीच्या तासात रस्ता काळोखा आणि उन्हाळ्यात उजेडात दिवे. टायमर वर्षातून निदान चार वेळा फिरवावेत, किंवा तारखेप्रमाणे सूर्यास्त मोजणारे बसवावेत. पहाटेही तसंच. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास होतो आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायका सहालाच घराबाहेर पडतात. दिवे साडेसहाच्या आत विझता कामा नयेत.

पहिला तक्ता गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताच्या बैठकीआधी हाती यावा, म्हणजे मधली पाळी त्याच बैठकीत ठरवता येईल. नमुन्याची स्प्रेडशीट आमच्याकडे तयार आहे. नियंत्रण कक्षातल्या अंमलदारांना ती समजावून द्यायला आम्ही येऊ.

आपले,
नियंत्रण कक्ष, रुग्णवाहिका आणि अग्निशमन सेवेतले काही निवृत्त कर्मचारी
कोल्हापूर